मागचे ब्रेक पॅड घरी बदलताना: पिस्टन नुसता दाबायचा नाही, फिरवायचा

होटगीरोडकर

गेल्या काही दिवसांत दोन-तीन ठिकाणी एकच सल्ला वाचला: "पुढचे पॅड जमले ना, मग मागचेही तसेच." तसेच नसतात, निदान बऱ्याच गाड्यांत नसतात. म्हणून हा धागा सविस्तर लिहितोय.

माझी गाडी स्कोडा लॉरा, चारही चाकांना डिस्क. कॅलिपर म्हणजे पिस्टनच्या जोरावर पॅड डिस्कवर दाबणारा चिमटा. पुढचा कॅलिपर एकच काम करतो. मागच्याला दोन कामं. पायाने ब्रेक दाबला की तेलाच्या दाबाने पिस्टन बाहेर येतो. हँडब्रेक ओढला की केबल कॅलिपरवरची छोटी लिव्हर फिरवते आणि ती आतल्या स्क्रूमार्फत त्याच पिस्टनला ढकलते. पॅड झिजत जातील तसतशी आतली जुळणी आपोआप पुढे सरकते, त्यामुळे हँडब्रेक ढिला पडत नाही. पण पॅड बदलायची वेळ येते तेव्हा पिस्टन बराच बाहेर आलेला असतो आणि आटे त्याला सरळ मागे जाऊ देत नाहीत. सी-क्लॅम्प लावून जोर केलात तर आतली यंत्रणा मोडते आणि अख्खा कॅलिपर नवा घ्यावा लागतो. औषधाच्या बाटलीचं झाकण जसं दाबून धरून फिरवतो, तसा हा पिस्टन दाब देत फिरवत आत घ्यायचा. त्यासाठी वेगळं हत्यार मिळतं, पिस्टनच्या तोंडावरच्या खाचांत बसणारं. ते हातात आल्याशिवाय चाक काढू नका.

आणखी एक गैरसमज आहे: "ब्रेकचा भार पुढे असतो, मागचे पॅड कुठे झिजतात?" जोरात ब्रेक मारला की भार पुढे जातो, हे खरं. पण आता बहुतेक गाड्यांत पुढे-मागे ब्रेकची वाटणी इलेक्ट्रॉनिक्स करतं. हलक्या ब्रेकला ते मागच्या चाकांकडूनही भरपूर काम करून घेतं. सोलापुरात सात रस्त्यापासून पार्क चौकापर्यंत सिग्नल, रिक्षा, दुचाक्या सांभाळत आपण दिवसभर हलकाच ब्रेक लावत असतो. त्यात मागचे पॅड पुतळ्यासारखे मूळ आकारात राहतील ही अपेक्षा करू नका, मापाला ते लहानच असतात. माझ्या गाडीत झीज सांगणारा सेन्सर फक्त पुढच्या पॅडला आहे, म्हणजे मागचे संपले तरी डॅशबोर्डवर दिवा लागत नाही. मोबाइलची बॅटरी लावून चाकाच्या फटीतून बघायचं. बाहेरचा पॅड दिसतो, आतला सहज दिसत नाही आणि नेमका तोच बहुतेक वेळा जास्त झिजलेला असतो. पॅडच्या पाठीचा पत्रा सोडून नुसता घर्षणाचा थर ३ मिलिमीटरवर आला की नवे पॅड आणून ठेवा. २ मिलिमीटरच्या खाली गाडी चालवूच नका.

आता काम.

आधी जागा. पार्किंगमध्ये शहाबादी फरशी असेल तर जॅक थेट फरशीवर टेकवू नका. खाली पोकळी असली तर फरशी तडकते आणि जॅक तिरका होतो. जाड लाकडी फळी घाला. नव्या वस्तीतल्या ज्या प्लॉटवर नुसती काळी माती आहे तिथे हे काम नकोच. पाऊस पडून गेला असेल तर जॅक बघता बघता खाली रुततो.

मागचं काम करताना हँडब्रेक सोडलेला हवा. मग गाडी धरून ठेवायला दुसरं काहीतरी पाहिजे. लॉरा पुढच्या चाकांवर ओढणारी गाडी आहे, त्यामुळे पहिला गिअर टाकला की पुढची चाकं धरली जातात. शिवाय पुढच्या दोन्ही चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावायचे. चाकाचे बोल्ट गाडी जमिनीवर असतानाच थोडे ढिले करायचे. मग गाडी उचलायची, घोडी (गाडी खालून तोलून धरणारा स्टँड) लावायची, वजन घोडीवर टेकवायचं आणि हाताने ढकलून गाडी डुलते का ते बघायचं. घोडी नसेल तर काम दुसऱ्या दिवसावर ढकला, नुसत्या जॅकच्या भरवशावर नको. काढलेलं चाकही गाडीखाली आडवं सरकवून ठेवतो, म्हणजे काही घसरलंच तर गाडी चाकावर बसेल, माणसावर नाही.

कॅलिपरच्या बोल्टला १३ चा पाना लागतो आणि मागे गाइड पिन (हिच्यावर कॅलिपर सरकतो) धरायला १५ चा पातळ पाना. पिन धरली नाही तर बोल्टबरोबर तीच फिरते आणि तिच्या रबराला पीळ बसतो. कॅलिपर सुटला की तारेने स्प्रिंगला बांधून टाका, ब्रेकच्या रबरी पाइपवर लोंबकळू देऊ नका. पाइप बाहेरून धड दिसतो, आतून चिरला तर कळत नाही.

पिस्टन आत घेण्याआधी बॉनेट उघडून ब्रेक ऑइलचा डबा बघा. पिस्टन मागे गेला की ऑइल वर चढतं. डबा काठोकाठ असेल तर सिरिंजने थोडं काढून घ्या. हे ऑइल गाडीच्या रंगावर पडलं तर रंग खातं, सांडलंच तर लगेच पाणी ओता.

मग सावकाश पिस्टन फिरवा. लॉराला दोन्ही बाजूंना घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने. काही गाड्यांत डाव्या-उजव्या बाजूचे आटे उलटे असतात, म्हणून आपल्या गाडीचं आधी शोधा. फिरवताना लक्ष पिस्टनभोवतीच्या रबरी टोपीवर असू द्या. पिस्टनला ती चिकटली असेल तर त्याच्याबरोबर फिरू लागते, तिच्यावर तिरक्या सुरकुत्या दिसतात. तिथेच थांबा, बोटाने हलकेच सोडवा, पुन्हा फिरवा. ही टोपी फाटली तर धूळ आणि पाणी थेट पिस्टनपर्यंत जातं, आणि पुन्हा पॅड बदलायची वेळ येण्याआधी कॅलिपरच जातो.

गाइड पिन बाहेर काढून पुसल्या, ब्रेकसाठी मिळणारं सिलिकॉन ग्रीस लावलं. बेअरिंगचं ग्रीस इथे चालत नाही. त्याने रबर फुगतं आणि पिन जाम होते. पॅड जिथे सरकतात त्या पट्ट्या वायर ब्रशने घासल्या. डिस्कची किमान जाडी डिस्कवरच कोरलेली असते, मापून बघितली. पॅडच्या खोक्यात कॅलिपरचे नवे बोल्ट येतात, तेच लावा, जुने परत वापरू नका. ते ३५ न्यूटन-मीटरला आणि चाकाचे बोल्ट १२० ला, टॉर्क पान्याने (ठरवलेल्या जोराला आवळण्यासाठीचा पाना). हे आकडे लॉराचे आहेत, तुमच्या गाडीचे तुमच्या मॅन्युअलमधून घ्या.

सगळ्यात महत्त्वाचं: गाडी जागची हलवण्याआधी ब्रेकचं पेडल हळूहळू दाबत राहा, घट्ट लागेपर्यंत. पहिल्यांदा पेडल थेट तळाला जातं, कारण पिस्टन आणि पॅड यांत मोकळी जागा असते. हे विसरून गाडी रिव्हर्स घेतली तर मागे भिंत आली तरी ब्रेक लागणार नाही. नंतर डब्यातलं ऑइल खुणेपर्यंत आहे का बघा.

फक्त एकाच बाजूचे पॅड कधीच बदलू नका. डावं-उजवं दोन्ही, एकाच वेळी.

सात_रस्ता

उत्तम लिहिलंय. माझी स्विफ्ट आहे. मागे हेच करायचं का?

होटगीरोडकर

नाही. स्विफ्ट, वॅगनआर, अल्टो यांना मागे ड्रम असतो. आत पॅड नाहीत, ब्रेक शू असतात, लोक त्यालाच लायनर म्हणतात. स्प्रिंगा, ॲडजस्टर, सगळं काम वेगळं. पहिल्यांदाच करत असाल तर एका वेळी एकच ड्रम उघडा, म्हणजे दुसऱ्या बाजूला बघून स्प्रिंगा कुठे अडकवायच्या ते कळतं.

काळी_माती

माझ्याकडे जुनी होंडा सिव्हिक आहे. पिस्टन फिरवूनच आत जातो, पण त्यात एक गोष्ट जास्तीची आहे. आतल्या पॅडच्या पाठीवर एक छोटी खुंटी असते आणि ती पिस्टनच्या खाचेत बसली पाहिजे. पिस्टन पूर्ण आत गेल्यावर खाच बरोबर जागी येईल एवढा तो मागे-पुढे फिरवून ठेवायचा. खुंटी खाचेत नसेल तर पॅड तिरका बसतो, एका टोकाला झिजतो आणि पिस्टन फिरत राहिल्याने हँडब्रेकची जुळणीही नीट होत नाही. बऱ्याच जपानी आणि कोरियन गाड्यांत हे असतं.

क्रेटावाला

आमच्या गाडीला हँडब्रेकचं बटण आहे. लिव्हरच नाही. मग?

होटगीरोडकर

तुमच्या कॅलिपरच्या मागे मोटर असते, पिस्टन ती ढकलते. आधी ती मोटर मागे न्यावी लागते, म्हणजे गाडी ब्रेक सर्व्हिस मोडला टाकावी लागते. बहुतेक गाड्यांत ते स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं यंत्र) जोडून होतं, काहींत पेडल आणि बटणाच्या ठरावीक क्रमाने. मोटर मागे गेली की पिस्टन सरळ दाबून आत जातो, तिथे फिरवायचं नसतं. मोटर पुढे असताना पिस्टनवर जोर करू नका. बॅटरीची वायर काढून ठेवल्याने मोटर मागे जात नाही, हेही सांगून ठेवतो. आणि कॅलिपर उघडा असताना गाडीत बसून कुणी ते बटण दाबणार नाही याची काळजी घ्या. स्कॅनर नसेल तर हे काम गॅरेजलाच द्या, असं माझं स्पष्ट मत आहे.

गॅरेज_अक्कलकोट_रोड

मालक, धागा चांगला काढला. दाबून मोडलेले कॅलिपर आमच्याकडं लई येतात. गिऱ्हाईक सांगतं, "पॅड परवाच बदलले, पण हँडब्रेक लागंना." उघडून बघावं तर पिस्टन क्लॅम्पनं चेपलेला. घरी केलेलं असतं असं नाही, गॅरेजात केलेलंही असतं. मागच्या चाकाला डिस्क असलेली गाडी ज्यानं कमी बघितली, तो पुढच्यासारखंच करतो. म्हणून गाडी गॅरेजला दिली तरी विचारा, "पिस्टन फिरवायचं हत्यार आहे का?" विचारण्यात कमीपणा नाही.

दुसरं, धूळ. ब्रेकची काळी धूळ हवेच्या पाइपनं उडवायची नाही. आमची पोरं उडवायची, मी बंद केलं. पॅडमधे कंपनी काय काय घालते ते आपल्याला दिसत नाही, जुन्या पॅडांत ॲस्बेस्टॉस असायचं. फुफ्फुसात गेलेली ती धूळ बाहेर येत नाही. ब्रेक क्लीनर मारून धूळ ओली करा, मग वेस्टनं, म्हणजे सुती धाग्यांच्या बोळ्यानं, पुसा, ते वेस्ट फेकून द्या. तोंडाला मास्क लावा. घरात लहान लेकरं असतील तर त्यांना काम होईस्तोवर तिकडं फिरकू देऊ नका.

जुळे_सोलापूरची

मी आणि भाऊ मिळून करणार आहोत, गाडी बाबांची लॉराच. एक शंका. पिस्टन आत घेताना ब्रीडर, म्हणजे ऑइलचा निप्पल, ढिला करायचा का? काही जण म्हणतात जुनं घाण ऑइल उलटं एबीएसकडे (ब्रेक मारताना चाक लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेकडे) जातं, म्हणून निप्पलमधून बाहेर काढावं.

होटगीरोडकर

ताई, यावर दोन मतं आहेत आणि दोन्हीत तथ्य आहे. निप्पल उघडला तर जुनं ऑइल बाहेर जातं हे बरोबर. पण बंद करायला क्षणभर उशीर झाला तर हवा आत शिरते, पेडल स्पंजासारखं होतं आणि मग हवा काढत बसावं लागतं. पहिल्यांदा करताय तर निप्पलला हात लावू नका. ऑइल जुनं वाटत असेल तर ते स्वतंत्र काम म्हणून पूर्ण बदलून घ्या.

आणि ते बदलणं खरंच गरजेचं आहे. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. डॉट ४ प्रतीचं नवं कोरडं ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसला उकळतं, पाणी मुरल्यावर ती मर्यादा १५५ पर्यंत खाली येते. डॉट ३ ला हेच २०५ आणि १४०. सोलापूरच्या उन्हाने ऑइल उकळत नाही, घर्षणाच्या उष्णतेने उकळतं. तुळजापूरहून घाट उतरताना कुणी सतत ब्रेकवर पाय ठेवला, तर नेमकं तेव्हाच हे जुनं ऑइल दगा देतं. ऑइलमध्ये वाफ झाली की पेडल खाली जातं आणि गाडी थांबत नाही. घाटात गिअर खाली घ्या, इंजिनला गाडी रोखू द्या.

गॅरेज_अक्कलकोट_रोड

निप्पलचं मी उलटं करतो, उघडतोच. पण आमचा हात बसलाय. ताईंना वरचाच सल्ला बरोबर. एबीएसवाल्या गाडीत हवा शिरली तर कधी कधी स्कॅनर लावल्याशिवाय निघत नाही.

जुळे_सोलापूरची

समजलं, निप्पल बंदच ठेवते. पॅड कोणते घ्यावेत? नव्या पेठेपासून सगळीकडे वेगवेगळे भाव सांगतात.

काळी_माती

भाव बघण्याआधी गाडीचा चासी नंबर देऊन पार्ट नंबर काढून घ्या. एकाच मॉडेलमध्ये मागच्या डिस्कची मापं वेगळी असू शकतात. खोकं उघडल्यावर जुना पॅड शेजारी ठेवून आकार, जाडी, कानाची जागा जुळवा. पक्कं बिल घ्या. नुसता पार्ट आणि हातावर पैसे, असा व्यवहार ब्रेकच्या बाबतीत करू नका.

पंढरपूर_रोज

माझीही लॉराच, २०११ ची. हा धागा वाचून मागचे पॅड घरी बदलले. पिस्टन फिरवून घेतला, पिन साफ केल्या, सगळं लिहिल्याप्रमाणे. ब्रेक छान लागतो. पण पंढरपूरहून आल्यावर उजव्या मागच्या चाकाजवळ हात नेला तर भट्टीसारखी धग, आणि डावीकडे काहीच नाही. वासही येतो. पॅड नवीन आहेत म्हणून असं होतं का?

होटगीरोडकर

नव्या पॅडचा थोडा वास सुरुवातीला येतो, पण तो दोन्हीकडे यायला हवा. एकच चाक तापतंय म्हणजे तिथे ब्रेक सुटत नाहीये. तशी गाडी लांब नेऊ नका.

क्रमाने बघा. मागचं चाक उचला, घोडी लावा, हँडब्रेक सोडा आणि चाक हाताने फिरवा. जड फिरतंय का? मग कॅलिपरवरची ती लिव्हर बघा, जिला केबल जोडलेली आहे. हँडब्रेक सोडल्यावर ती मागे जाऊन आपल्या थांब्याला टेकली पाहिजे. मध्येच अडकली असेल तर केबलचं टोक लिव्हरवरून काढा. केबल काढल्यावर लिव्हर स्वतःहून थांब्याला गेली तर दोष केबलमध्ये. केबल काढूनही अडकलेलीच राहिली तर लिव्हरचा दांडा कॅलिपरमध्ये गंजलाय, कॅलिपर दुरुस्तीला. आणि लिव्हर ठीक असेल तर गाइड पिन पुन्हा हलवून बघा, दोन्ही बोटाने सरकल्या पाहिजेत.

गॅरेज_अक्कलकोट_रोड

रबरी पाइपही बघा. आतून सुजलेला पाइप ऑइल जाऊ देतो पण परत येऊ देत नाही. गाडी उभी असताना पेडल दाबून सोडायचं, चाक धरलेलं राहिलं तर निप्पल जरासा उघडायचा. ऑइलचा थेंब येऊन चाक मोकळं झालं तर पाइप गेला. पण हे आमच्याकडं आणून करा, घरी नको.

पंढरपूर_रोज

बघितलं. लिव्हर थांब्यापासून बोटभर अलीकडे अडकली होती. केबलचं टोक काढलं तर टक्कन मागे गेली. म्हणजे केबलच. खाली वाकून पाहिलं तर केबलवरचं आवरण चाकाजवळ फाटलंय आणि आत वाळलेला चिखल भरलाय. आमच्या शेताकडच्या वाटेवर गाळपाच्या हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी चिखलाच्या चाऱ्या पाडलेल्या असतात, त्यातूनच रोज जातो. जुन्या पॅडवर हे कधी लक्षात आलं नव्हतं.

होटगीरोडकर

बरोबर निदान आहे. केबल साफ करून तेल सोडण्यापेक्षा बदला. आत पाणी गेलेली केबल पुन्हा अडकतेच. आणि उजवीकडचा नवा पॅड काढून बघा. वरची चकाकी पॉलिश पेपरने जाते, पण कडेला तडे असतील किंवा थर पत्र्यापासून सुटत असेल तर दोन्ही बाजूंचा सेट पुन्हा नवा घ्या. पैसे वाया गेल्यासारखे वाटतील, तरी घ्या.

पंढरपूर_रोज

केबल नवी टाकली. दोन्ही बाजूंच्या, कारण डावीकडचं आवरणही कडक झालं होतं. पॅडला तडे नव्हते, पॉलिश पेपरने घासून परत लावले. काल मोहोळपर्यंत जाऊन आलो, दोन्ही चाकांजवळ सारखीच ऊब. आता हँडब्रेक मात्र बराच वर ओढल्यावर लागतो.

गॅरेज_अक्कलकोट_रोड

केबल लगेच ताणू नका. आधी इंजिन चालू करून ब्रेकचं पेडल पूर्ण दाबा-सोडा, चांगलं बरेच वेळा, म्हणजे आतला स्क्रू आपली जागा घेईल. मग हँडब्रेक दोन-चारदा ओढून सोडा. त्यानंतरही ढिला वाटला तर हँडब्रेकच्या लिव्हरखालचा नट थोडा थोडा आवळा. प्रत्येक वेळी खाली कॅलिपरची लिव्हर थांब्याला टेकलेली आहे का बघत जा. थांबा सोडला की जास्त ताणलं.

जुळे_सोलापूरची

आमचं झालं. भावाने घोडी शेजारच्या दुकानातून आणली, खाली जुनी चादर टाकून आरामात काम केलं. डाव्या बाजूचा आतला पॅड तिरका झिजलेला निघाला, वरचं टोक जाड आणि खालचं जवळजवळ पत्र्यापर्यंत. खालची गाइड पिन हलतच नव्हती. नळीतून ती काढायलाच सगळ्यात जास्त वेळ गेला. साफ करून ग्रीस लावल्यावर आता सहज सरकते. पॅड बसवण्यासाठी गाडी कशी चालवायची ते सांगाल का? बाबा सोमवारी अक्कलकोटला नेणार आहेत.

होटगीरोडकर

ताई, ती पिन तुम्ही शोधलीत हे मोठं काम झालं. ती तशीच राहिली असती तर नवा पॅडही तसाच झिजला असता. पिनवर गंजाचे खड्डे असतील तर पिन आणि तिचं रबर लवकर बदलून टाका, ग्रीसवर फार काळ चालणार नाही.

पॅड बसवायला पहाटे मोकळा रस्ता बघा. साधारण ६० च्या वेगावरून मध्यम दाबाने २० पर्यंत या, पूर्ण थांबू नका. मग थोडं अंतर ब्रेक न लावता चालवा, म्हणजे डिस्क गार होते. असं आठ-दहा वेळा. शेवटी काही अंतर ब्रेक न लावता गाडी चालू ठेवा आणि तापलेल्या डिस्कवर ब्रेक दाबून उभ्या राहू नका, हँडब्रेकही लगेच ओढू नका. पहिले काही दिवस पुढच्या गाडीपासून नेहमीपेक्षा जास्त अंतर ठेवायला बाबांना सांगा. पॅड पूर्ण बसेपर्यंत ब्रेकची पकड थोडी कमी असते.

गॅरेज_अक्कलकोट_रोड

अक्कलकोटहून परत आल्यावर चाकाचे बोल्ट टॉर्क पान्यानं पुन्हा एकदा तपासा. गाडी गार झाल्यावर.